नाका, भिंत आणि नोंदवही



'नाका' हा शब्द आपणांपैकी कोणालाच नवा नाही. गावाच्या वेशीवर पूर्वी जकात नाका असे. मालाच्या गाड्या तेथे थांबत, कारकून पावती फाडी, गाडीवान शेजारच्या हॉटेलात कपभर चहा घेई आणि मार्गाला लागे. जकात गेली, तरी त्या जागांची नावे राहिली. मुंबई-ठाण्याकडे आजही सकाळी नाक्यानाक्यावर गवंडी, रंगारी, बिगारी आपापली हत्यारे घेऊन उभे असतात. कोणी मुकादम येईल, दिवसाचे काम देईल, या आशेवर त्यांचे दोन-दोन तास जातात. पण तेथे उभे राहण्यास त्यांना कोणाचा परवाना लागत नाही, आणि काम न मिळाले तर घरी परतण्यास कोणी आडकाठी करीत नाही.

आज मी ज्या नाक्याविषयी बोलणार आहे तो निराळा आहे. जेरुसलेमच्या दक्षिणेस आठ-दहा किलोमीटरवर बेथलेहेम हे गाव आहे. येशू ख्रिस्ताचे जन्मस्थान म्हणून त्याचे नाव जगाला ठाऊक आहे. या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर इस्रायलचा एक लष्करी नाका आहे; त्याला 'तीनशे क्रमांकाचा नाका' म्हणतात. जेरुसलेमहून उत्तरेस रामल्लाकडे जाताना कलंदिया नावाचा असाच दुसरा मोठा नाका लागतो. दोहोंना लागून काँक्रीटची उंच भिंत गेलेली आहे. जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या पॅलेस्टिनी माणसाला कामासाठी, इस्पितळासाठी किंवा देवदर्शनासाठी भिंतीपलीकडे जावयाचे असेल, तर त्याला अशा एखाद्या नाक्यातूनच जावे लागते.

इतिहासाच्या पुस्तकात या भिंतीची नोंद कशी होईल, हे आपण आजच सांगू शकतो. अमुक साली ठराव झाला, अमुक इतकी लांबी, अमुक न्यायालयाने अमुक निर्णय दिला. ही नोंद आवश्यकच आहे, आणि मीही ती आपल्यापुढे ठेवणार आहे. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे या भिंतीचे खरे माप किलोमीटरांत सापडत नाही. ते माणसांच्या तासांत घ्यावे लागते. आणि हे माप घेण्याचे काम काही सामान्य स्त्रियांनी, नाक्यावर उभे राहून, हातात वही धरून केले आहे. त्या वहीचे महत्त्व आपणांस सांगावे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम, ही सीमा आली कोठून ते पाहू. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीची योजना मंजूर केली. ज्यू नेत्यांनी ती स्वीकारली, अरबांनी नाकारली. आपल्याकडील फाळणीला तेव्हा चारच महिने होत होते. १९४८ साली इस्रायल राष्ट्राची घोषणा झाली आणि युद्ध पेटले. त्या धुमाळीत सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादारास मुकले. इस्रायल आणि जॉर्डन यांच्यातील तहकुबीचा करार ३ एप्रिल १९४९ रोजी झाला. परंतु जेरुसलेमपुरती रेषा त्याआधीच, १९४८ च्या नोव्हेंबरात, दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांनी नकाशावर ओढलेली होती. मोशे दायान आणि अब्दुल्ला अल्-तल या दोघांनी मेणाच्या जाड पेन्सिलींनी त्या रेषा काढल्या. नकाशाचे प्रमाण एकास वीस हजार. म्हणजे पेन्सिलीची रेघ तीन-चार मिलिमीटर जाड असली, तर जमिनीवर ती साठ ते ऐंशी मीटरांची पट्टी होते. त्या पट्टीत घरे होती, गल्ल्या होत्या. ती कोणाची, हे पेन्सिलीला सांगता येईना. पुढे वर्षानुवर्षे यावर खल चालला.

तहकुबीच्या या एकंदर सीमेला तिच्या शाईच्या रंगावरून 'हिरवी रेषा' हे नाव पडले. जेरुसलेमजवळचे बेत सफाफा हे खेडे या रेषेने मधोमध चिरले गेले. निम्मे गाव इस्रायलमध्ये, निम्मे जॉर्डनमध्ये. भाऊबंद तारेच्या दोन बाजूंना. शहरात मँडेलबॉम दरवाजा या नावाचे एक ठाणे होते. परदेशी वकील, पाद्री आणि यात्रेकरू यांना तेथून जाता येई, आणि नाताळच्या सुमारास इस्रायलमधील ख्रिस्ती अरबांना आपल्या पलीकडच्या आप्तांना भेटण्यास सोडीत. १९४९ ते १९६७ पर्यंत हे असे चालले.

१९६७ च्या जूनमध्ये सहा दिवसांचे युद्ध झाले आणि पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा हे प्रदेश इस्रायलच्या ताब्यात गेले. यानंतर जे घडले ते ऐकून आपणांस नवल वाटेल. तारा काढल्या गेल्या, मँडेलबॉम दरवाजा नाहीसा झाला, आणि १९७२ पासून तर लष्करी अंमलाने एक सरसकट परवानगीच देऊन टाकली. पॅलेस्टिनी माणसाने दिवसा इस्रायलमध्ये खुशाल यावे, काम करावे. रात्र मात्र तेथे काढू नये. हजारो मजूर तेल अवीवला जाऊन घरे बांधू लागले. ज्यू कुटुंबे शनिवारी कल्किल्याच्या बाजारात भाजी घेऊ लागली. या व्यवहारात समता होती असे मी मुळीच म्हणत नाही. एक पक्ष जेता होता, दुसरा जित. आणि जितांच्या जमिनीवर जेत्यांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या होत्या. तथापि माणूस माणसाला रोज दिसत होता, एवढे मात्र खरे.

हे दार बंद कसे झाले? ते एका दिवसात झाले नाही. १९८७ च्या अखेरीस पॅलेस्टिनी जनतेचा पहिला उठाव, म्हणजे इंतिफादा, सुरू झाला. १९९१ साली सरसकट परवानगी रद्द होऊन दर माणशी परवाना लागू झाला. १९९३ च्या मार्चमध्ये, इस्रायली नागरिकांवरील हल्ल्यांच्या मालिकेनंतर, सर्वसाधारण नाकेबंदी जाहीर झाली आणि रस्त्यारस्त्यांवर ठाणी बसली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शांततेचा ओस्लो करार झाला! १९९५ च्या दुसऱ्या करारानुसार पश्चिम किनाऱ्याचे अ, ब आणि क असे तीन विभाग पाडण्यात आले. पॅलेस्टिनी कारभार ज्यात पुरता चालावा असा अ विभाग सुमारे अठरा टक्के, आणि सर्वस्वी इस्रायली ताब्यातला क विभाग सुमारे साठ टक्के. अ विभागाची बेटे क विभागाच्या समुद्रात विखुरलेली. बेटावरून बेटावर जावयाचे तर वाटेत नाका आलाच.

२००० च्या सप्टेंबरात दुसरा इंतिफादा भडकला. येथे मी इस्रायली नागरिकाची बाजू आपल्यापुढे मांडली नाही, तर तो इतिहास अर्धा होईल. १ जून २००१ रोजी तेल अवीवच्या समुद्रकाठी एका नृत्यगृहाबाहेर आत्मघातकी स्फोट झाला. एकवीस जीव गेले. त्यांत बहुतेक कोवळी मुले. २७ मार्च २००२ रोजी नेतान्या येथील एका हॉटेलात, वल्हांडण सणाच्या भोजनास बसलेली तीस माणसे मारली गेली. मुलगा बसने शाळेस गेला म्हणजे तो परत येईपर्यंत आईच्या जिवात जीव नसे, अशी ती वर्षे होती. त्या उठावाच्या चार-पाच वर्षांत सुमारे हजार इस्रायली आणि तीन हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्यू पावले. भिंत हवी, अशी मागणी इस्रायली जनतेतूनच उठली. २००२ च्या जूनमध्ये सरकारने योजनेस मान्यता दिली आणि काम सुरू झाले.

ही भिंत आहे तरी कशी? ती बहुतेक ठिकाणी कुंपणच आहे. मध्ये विजेच्या संवेदकांची तार, तिच्या बाजूस गस्तीचा रस्ता, पावलांचे ठसे उमटावेत म्हणून चाळलेल्या वाळूची पट्टी, खंदक आणि काटेरी तारांची भेंडोळी. दाट वस्तीजवळ मात्र आठ-आठ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत आहे. बर्लिनची भिंत साडेतीन मीटरांहून थोडी अधिक होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या उंचीची कल्पना येईल. योजलेली लांबी सुमारे सातशे बारा किलोमीटर, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश काम पुरे झाले आहे.

आता, हिरवी रेषा आहे सुमारे तीनशे वीस किलोमीटरांची. तिच्यावर उभारलेली भिंत दुपटीहून लांब कशी झाली? याचे कारण ती त्या रेषेवर उभारलेलीच नाही. तिचा पंचाऐंशी टक्के मार्ग रेषेच्या आत, पश्चिम किनाऱ्याच्या भूमीतून वळसे घेत जातो. इस्रायली वसाहती भिंतीच्या इस्रायली बाजूस राहाव्यात, म्हणून हे वळसे आहेत. आपले घर राखण्यासाठी कुंपण घालणाऱ्याला कोणी दोष देत नाही. पण कुंपण शेजाऱ्याच्या वाडीतून घातले, तर वाद राखणीचा उरत नाही, बांधाचा होतो; आणि बांधाचा वाद काय असतो, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. एक पक्ष तिला 'सुरक्षेचे कुंपण' म्हणतो, दुसरा 'वंशभेदाची भिंत' म्हणतो. भिंतीमुळे हल्ले थांबले, असे इस्रायलचे अधिकारी सांगतात. हल्ले पुष्कळ कमी झाले हे खरेच आहे. पण भिंत कधीच पुरी झाली नाही, तिच्या फटींतून हजारो मजूर परवान्यावाचून वर्षानुवर्षे कामाला जात राहिले, याकडे टीकाकार बोट दाखवितात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही आपण ऐकल्या पाहिजेत.

एवढा पूर्वेतिहास सांगून झाल्यावर आता आपण पहाटे नाक्यावर जाऊ. ही हकीकत २०२३ च्या ऑक्टोबरापूर्वीच्या वर्षांतली आहे, हे मात्र लक्षात असू द्या. त्यानंतर काय झाले ते शेवटी सांगेन.

बेथलेहेमच्या नाक्यावर पहाटे तीनपासूनच गर्दी होऊ लागे. हेब्रॉनकडच्या खेड्यांतून मजूर भाड्याच्या गाड्यांनी येत. काम सात वाजता सुरू व्हावयाचे; वाट तासा-दीड तासाची. मग एवढ्या लवकर का? तर नाक्यावर किती वेळ लागेल हे कोणालाच सांगता येत नसे. एखाद्या दिवशी वीस मिनिटांत सुटका होई, एखाद्या दिवशी दोन-अडीच तास जात. ठेकेदार उशिरा आलेल्या मजुराला परत लावी. म्हणून जो तो सर्वांत वाईट दिवस गृहीत धरून घर सोडी. नाक्याने खाल्लेले तास मोजताना रांगेतले तास मोजून भागत नाही. झोपेतले तासही मोजावे लागतात.

भिंतीलगत एक लांब, अरुंद बोळ. दोन्ही बाजूंना लोखंडी गज, वर पत्रा. बाहेर चहा-कॉफीवाले, तिळाची पोळीवजा पाव विकणारे, सिगारेटवाले. अंधारात त्यांच्या शेगड्या तेवढ्या दिसत. नाका तेथे बाजार, हा नियम जगात सर्वत्र सारखाच. बोळाच्या शेवटी माणूसभर उंचीचे फिरते लोखंडी दार. आत बसलेला सैनिक बटण दाबी तेव्हा ते फिरे आणि काही माणसे आत जात. मग ते थांबे. थांबताना एखादा माणूस दांड्यांच्या मध्येच अडकून राही. या दारांविषयी एक बारीकशी गोष्ट आहे. इस्रायलमध्ये इतरत्र अशा दारांचे दांडे पाऊण मीटरापासून नव्वद सेंटिमीटरांपर्यंत असतात. नाक्यांसाठी बनविलेल्या दारांचे दांडे पंचावन्न सेंटिमीटरांचे करून घेतले होते. माणूस दांड्यांत दाबला गेला, म्हणजे त्याने कपड्यांखाली काही दडविलेले नाही हे समजते, असा त्यामागचा विचार. जाड माणूस, पोटुशी बाई, कडेवर मूल, हातात पिशवी, यांचा विचार त्या मापात नव्हता.

दारानंतर धातुशोधक यंत्र. पट्टा काढा, बूट काढा, खिसे रिकामे करा. मग काचेमागच्या सैनिकाला ओळखपत्र आणि परवाना दाखवा, यंत्रावर हात ठेवा. परवाना कशाचा हे पाहिले जाई. मजुरीचा असेल तर मजुरीपुरता, दवाखान्याचा असेल तर त्या दिवसापुरता. कोणत्या घरात कोणावर पोलिसांची नोंद आहे, यावरून भावाचा परवाना बंद होई. कारण सांगण्याचे बंधन नसे. मराठेशाहीत प्रवाशाला आणि मालाला 'दस्तक' लागे, हे आपण जाणता. पण दस्तकावर निदान कोणाची अडवणूक करू नये, असा चौक्यांना हुकूम लिहिलेला असे.

कलंदियावर स्त्रिया, वृद्ध, आजारी आणि विद्यार्थी यांच्यासाठी एक वेगळे दार ठेवलेले होते. ते कधी उघडे, कधी बंद. जेरुसलेममधील इस्पितळांत नेण्याच्या रोग्याची तर निराळीच रीत. पॅलेस्टिनी रुग्णवाहिका पलीकडे जाऊ शकत नाही. ती नाक्यावर येऊन थांबते, पलीकडून दुसरी येते, दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहतात आणि रोग्याला एकीतून दुसरीत हलवितात. रमजानच्या शुक्रवारी अल् अक्सा मशिदीत नमाजाला जाऊ इच्छिणाऱ्या पुरुषांना वयाची अट घालण्यात येई. अमुक वर्षांवरचा असेल तर जा, त्याखालचा असेल तर परत फीर. बाप पुढे गेला आणि मुलगा मागे राहिला, असे प्रसंग मग ओघानेच आले.

खेड्यांत गेलो तर चित्र बदलते, तत्त्व तेच राहते. कल्किल्या शहर भिंतीने आणि कुंपणाने जवळजवळ सगळीकडून वेढलेले आहे. जवळच जायूस नावाचे खेडे आहे. त्याची घरे कुंपणाच्या एका बाजूस आणि बागा, विहिरी, ऑलिव्हची झाडे यांतला मोठा भाग दुसऱ्या बाजूस पडला. २००३ च्या ऑक्टोबरात कुंपण आणि हिरवी रेषा यांच्यामधला पट्टा लष्कराने बंदिस्त जाहीर केला. तेव्हापासून शेतकऱ्याला स्वतःच्याच शेतात जाण्यास परवाना लागू लागला, आणि तो मिळविण्यासाठी शेत आपलेच आहे हे सिद्ध करावे लागू लागले. कुंपणाला जागोजाग फाटके ठेवली आहेत. काही दिवसातून ठरावीक वेळी थोडा वेळ उघडतात. पुष्कळशी तर फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या ऑलिव्हच्या सुगीपुरती. आता आपल्यातला कोणीही शेतकरी सांगेल की शेत हे सुगीपुरते नसते. नांगरट, छाटणी, खत, राखण ही वर्षभराची असते. फाटकाच्या वेळापत्रकावर झाड वाढत नाही. पाणी घालावयाच्या वेळी धनी फाटकाबाहेर उभा असेल, तर तो हळूहळू भाजीपाला सोडून देतो आणि ज्याला निगा कमी लागते तेवढेच ठेवतो. जमीन कागदावर त्याचीच राहते, पण तिच्यावरचा त्याचा हात सुटत जातो.

आणि सैनिक? तो अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो, किंवा मुलगीही असते. कारण तेथे ज्यू स्त्री-पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. हल्ले नाक्यांवरही झाले, तेथे सैनिक मारलेही गेले. त्यामुळे समोर येणाऱ्या प्रत्येकाची त्याला भीती वाटते, आणि भीती वाटणाऱ्या हाती अधिकार असला म्हणजे जे होते ते होते. अशा काही सैनिकांनी २००४ साली, सेवा संपल्यावर, 'मौन सोडणे' अशा अर्थाच्या नावाची संस्था काढली आणि नाक्यावर आपण काय केले हे स्वतःच सांगावयास आरंभ केला. त्यांच्या राष्ट्रातल्या पुष्कळांना ते रुचले नाही, हे सांगावयास नकोच.

येथे आपला एक धागा त्या देशाशी जुळतो. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेले, तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल लोक आपल्या कोकणचेच. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ तिकडे गेले. लोद, रामला, अश्दोद, दिमोना अशा गावी वसले. तेथे त्यांनी मराठी जपली, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालविले. लष्करी सेवेचा कायदा त्यांच्या मुलानातवांनाही लागू आहे. तेव्हा काचेमागे बसलेल्या एखाद्या पोराची आजी घरी मराठी बोलत असेल, हे अगदी संभवनीय आहे. हे मी अशासाठी सांगतो की दूरदेशीच्या भांडणात एका बाजूला राक्षस ठरविणे सोपे असते. येथे ती सोय आपल्याला नाही.

आता वहीकडे वळू. २००१ च्या प्रारंभी काही इस्रायली स्त्रियांनी 'माखसोम वॉच' ही संस्था स्थापन केली. हिब्रूत 'माखसोम' म्हणजे अडसर, नाका. सभासद सर्व स्त्रिया. पुष्कळशा उतारवयाच्या, निवृत्त शिक्षिका, प्राध्यापिका, आज्या. पुढे त्यांची संख्या काही शेंवर गेली. त्यांचे काम काय? सकाळ-संध्याकाळ पाळीपाळीने नाक्यावर जावयाचे, उभे राहावयाचे, पाहावयाचे आणि घरी येऊन लिहावयाचे. किती वाजता दार उघडले, किती खिडक्या चालू होत्या, रांग कोठवर होती, रांगेच्या शेवटच्या माणसाला पलीकडे जाण्यास किती वेळ लागला, कोणाला कोणत्या सबबीवर परत पाठविले. हे सगळे त्यांनी वर्षानुवर्षे, दिवसामागून दिवस, सर्वांना वाचता यावे असे प्रसिद्ध केले.

या लिहिण्याचा उपयोग काय, असा प्रश्न त्यांना दोन्हीकडून विचारला गेला. स्वकीयांनी त्यांना फितूर म्हटले. दुसऱ्या बाजूचे काही म्हणाले, की बायांनो, तुम्ही येथे उभ्या राहता म्हणून नाका थोडा सभ्य दिसतो, आणि सभ्य दिसतो म्हणून अधिक टिकतो. हा दुसरा आक्षेप पहिल्याहून जड आहे, आणि त्या स्त्रियांनी तो आपापसांतही पुष्कळ चर्चिला. कधी दूरध्वनी करून एखाद्या अडलेल्या रोग्याला त्या सोडवीत. बहुधा त्यांचे काही चालत नसे.

तरीही एक उदाहरण देतो. २००४ च्या नोव्हेंबरात नाब्लसजवळच्या बेत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण व्हायोलिन घेऊन आला. तो सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवीत उभा आहे आणि मागे रांग ताटकळते आहे, हे दृश्य या संस्थेच्या एका बाईने चित्रित केले. त्याला वाजविण्यास भाग पाडले की त्याने आपणहून वाजविले, यावर पुढे वाद झाला. पण ते चित्र प्रसिद्ध होताच इस्रायलमध्ये केवढी खळबळ उडाली! कारण नाझींच्या छळछावण्यांत ज्यू वादकांना पहारेकऱ्यांपुढे वाजवावे लागत असे, ही आठवण त्या समाजाच्या हाडांत आहे. रोजच्या रांगेने जे मन हलले नव्हते ते या एका दृश्याने हलले. बाई तेथे उभी नसती, तर तो प्रसंग त्या तरुणाच्या घरच्यांखेरीज कोणाला कळला असता?

न्यायालयांनीही आपले काम केले. ३० जून २००४ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने बेत सुरिक या गावाच्या अर्जावर निर्णय दिला. संरक्षणासाठी कुंपण घालण्याचा अधिकार मान्य, पण गावकऱ्यांची हानी प्रमाणाबाहेर होत असेल तर मार्ग बदलला पाहिजे, असे सांगून सुमारे तीस किलोमीटरांचा मार्ग रद्द केला. पुढच्याच पंधरवड्यात, ९ जुलै रोजी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चौदा विरुद्ध एक अशा मताने व्याप्त प्रदेशातील भिंत बेकायदेशीर असल्याचा अभिप्राय दिला. बिलिन गावाने २००७ मध्ये आपला खटला जिंकला. कुंपण प्रत्यक्षात हलले २०११ मध्ये. १९ जुलै २०२४ रोजी हेगच्या न्यायालयाने तर हा ताबाच बेकायदेशीर ठरविला. निर्णय मोठे आहेत, पण भिंत बहुतेक ठिकाणी जेथे होती तेथेच आहे. निकाल आणि अंमलबजावणी यांच्यामधली जी वर्षे जातात, तीही कोणाच्या तरी आयुष्यातलीच असतात.

म्हणूनच मला त्या वहीचे मोल वाटते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लढायांची आणि तहांची पत्रे आहेत, तसे रोजकीर्दीचे, दाण्यागोट्याच्या हिशेबाचे रुमालच्या रुमालही आहेत. ज्या कारकुनांनी ते लिहिले, त्यांना आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसेल. पण त्या वेळचा सामान्य माणूस काय खात होता आणि कशापायी नडला जात होता, हे आज आपण त्यांच्याच कागदांवरून सांगतो. नाक्यावरच्या स्त्रियांनी तीच रोजकीर्द लिहिली. फरक इतकाच की त्यांनी ती समजून उमजून लिहिली. उद्या कोणी म्हणाला की रांग फारशी नव्हती, किंवा कोणी म्हणाला की रोजच रक्तपात होता, तर दोघांनाही ती वही उघडून दाखविता येईल. खोट्या विसराळूपणाला आणि खोट्या अतिशयोक्तीला एकच औषध असते. ते म्हणजे तारीख, वार आणि वेळ घालून केलेली साधी नोंद.

आता अखेरचा भाग. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने गाझातून इस्रायलवर हल्ला केला. सुमारे बाराशे माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझात जे युद्ध झाले त्यात हजारोंच्या हजारो माणसे मेली. पश्चिम किनाऱ्यावर त्याचा एक परिणाम असा झाला की मजुरांचे परवाने जवळजवळ सरसकट बंद करण्यात आले. लाखाहून अधिक माणसांची रोजी एका हुकमाने गेली. पहाटेची ती रांग, जिची हकीकत मी आपणांस सांगितली, ती ओसरली. ज्या रांगेला माणसे शाप देत होती, तिच्यात उभे राहावयास मिळावे म्हणून ती तळमळू लागली. गुलामीची याहून कडू खूण मला सांगता येणार नाही.

आणि त्या रिकाम्या जागेवर कोण गेले? भारत आणि इस्रायल यांच्यात बांधकाम-मजूर पाठविण्याचा करार २०२३ च्या मे महिन्यात, युद्धापूर्वीच झालेला होता. युद्धानंतर त्याला वेग आला. हरयाणा, उत्तर प्रदेश येथून हजारो तरुण गेले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या पुण्यातही अशा कामगारांच्या निवडचाचण्या घेण्यात आल्या. सळई वाकविणारे, गिलावा करणारे, फरशी बसविणारे, म्हणजे आरंभी मी ज्यांचा उल्लेख केला तेच आपल्या नाक्यावरचे लोक. त्यांना मी दोष देत नाही. घरी चूल पेटवावयाची असते आणि तिकडची मजुरी इकडच्या कितीतरी पट असते. गरिबाने गरिबाची जागा घेणे हा त्याचा गुन्हा नाही.

पण जाणाऱ्याला निदान एवढे ठाऊक असावे, की ज्या परातीवर तो उभा राहणार आहे तेथे काल दुसरा कोणी गवंडी उभा होता. तो पहाटे दोनला उठत होता, पंचावन्न सेंटिमीटरांच्या दारातून जात होता, आणि आज भिंतीपलीकडच्या आपल्या खेड्यात कामावाचून बसला आहे. आपल्यापैकी कोणाच्या ओळखीचा असा एखादा तरुण परत आला, तर त्याला फक्त किती कमाई झाली एवढेच विचारू नका. तेथे त्याने काय पाहिले, तेही विचारा. आणि तो जे सांगेल ते, तारीख-वार घालून, लिहून ठेवा.